रुपेरी ड्रॅगनचं पथ्य

माझ्या नातीचा, आरोहीचा, साखरपुडा मोडला आणि सव्वा महिन्यानं त्याच मुलाशी पुन्हा जुळला, त्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे दोन हजार तेवीस. पेढे दोनदा वाटावे लागले. दुसऱ्या खेपेला लोकांनी पेढा हातात धरून थोडी वाट पाहिली आणि मगच तोंडात टाकला.

त्याच वर्षी दिवाळी उरकल्यावर माझा धाकटा भाऊ भैरू माहेरच्या गावाहून, रिह्याहून, आमच्याकडे भूगावला आला. डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही. रिह्यात तेव्हा भाताची झोडणी चालू होती. घरात, अंगणात, ताटात, सगळीकडे धूळ. म्हणून त्याचा मुलगा मनीष आणि सून हेमलता यांनी त्याला माझ्याकडे ठेवला आणि ती दोघं कामाला परत गेली.

भैरू खोटं बोलतो, हे रिह्यात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. त्याचं खोटं बिनकामाचं असे. पिठलं खाऊन आला तर मटण सांगायचा. एसटीनं आला तर कुणा साहेबानं गाडीतून सोडलं म्हणायचा. एकदा ओढ्याकाठी बिबट्या पाहिला असं सांगून बसला, तेव्हापासून तीस वर्षं गावातली पोरं ती वाट सोडून लांबच्या वाटेनं शाळेत जात.

पण त्याचं सगळ्यात मोठं खोटं म्हणजे हंडा. त्याच्या खालच्या भातखाचरात, उंबराच्या बुडाशी, एक शेंदूर फासलेला दगड आहे. त्या दगडाखाली रुपयांनी भरलेला हंडा आहे, त्यावर नाग राखणीला आहे, तो काढायची वेळ आमच्या बानं मरताना फक्त भैरूच्या कानात सांगितली आहे, आणि ती वेळ आली की तो मनीषला सांगणार आहे. हे तो पंचवीस-तीस वर्षं सांगत होता. मी त्यावर कधी विश्वास ठेवला नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे.

त्याची बायको लवकर गेली. घरात मनीष, हेमलता आणि त्यांची दोन मुलं. भैरूच्यानं आता लावणी होत नव्हती की कापणी. तरीही हेमलता सकाळचा पहिला चहा त्याला द्यायची आणि माशाचा मधला तुकडा त्याच्यासाठी काढून ठेवायची. गाव म्हणायचं, ही म्हाताऱ्याची सेवा नाही, हंड्याची पूजा आहे. मीही म्हणायचे.

आता आमच्या घराचं सांगते. माझ्या मुलानं, कैलासनं, जुन्या घराच्या जागी तीन मजले चढवले आणि खोल्या भाड्यानं दिल्या. दुसऱ्या मजल्यावर ऋषिकेश राहतो. तो अहमदपूरकडचा, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कामाला. त्याच्या शेजारच्या खोलीत गौतमी, तीही तसल्याच कामाला. ही दोघं, तिसरा निषाद नावाचा मुलगा आणि आमची आरोही, दर रविवारी खाली पार्किंगमध्ये प्लॅस्टिकचं टेबल मांडून एक खेळ खेळत.

त्या खेळात ना पट, ना पत्ते. ऋषिकेश एक गोष्ट सांगे. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होत. गौतमी चोर, आरोही तलवार घेतलेली बाई. आपलं माणूस काय करतं ते ज्यानं त्यानं सांगायचं आणि वीस तोंडांचा एक फासा टाकायचा. मोठा आकडा पडला की काम झालं, लहान पडला की तोंडावर आपटलं. मला ते देवळात कौल लावण्यासारखं वाटे. फरक इतकाच, की कौल वर्षातून एखाद्या वेळी लावतात आणि ही पोरं दर पाच मिनिटांनी लावत.

भैरूची खाट पार्किंगमध्येच होती. डोळ्यावर काळा चष्मा, करायला काही नाही. पहिल्या रविवारी तो नुसता ऐकत राहिला. दुसऱ्या रविवारी ऋषिकेश गोष्ट सांगत असताना त्याला मधे थांबवून पुढचं स्वतःच सांगायला लागला. पोरं रागावली नाहीत. उलट गौतमी म्हणाली की आजोबांना घेऊ या, निषाद नाहीतरी महिनाभर गावी गेलाय.

गोष्टीत तेव्हा ड्रॅगन यायचा होता. ड्रॅगन म्हणजे काय ते आरोहीनं आम्हाला समजावलं. पंख असलेली, घराएवढी घोरपड. तिच्यात दोन कुळं. रंगाची कुळं वाईट : लाल, काळा, हिरवा. हे गावं जाळतात. आणि धातूची कुळं थोर : सोन्याचा, चांदीचा, तांब्याचा, पितळेचा. हे दुबळ्याला मारत नाहीत, शब्द पाळतात, शहाणपण सांगतात. त्यांतल्या पितळी ड्रॅगनला गप्पांचं इतकं वेड, की वाटेनं जाणाऱ्या माणसाला वाळूत गळ्यापर्यंत पुरतो आणि त्याच्याशी पोटभर बोलून झालं की सोडून देतो.

मी म्हटलं, हा आमचा भैरूच झाला की. पोरांनाही ते पटलं. पण भैरू म्हणाला, "पितळ नगं. कल्हई लावावी लागती. चांदीचा असंल तर सांगा."

मग ऋषिकेशनं चांदीच्या ड्रॅगनची माहिती एका कागदावर मराठीत लिहून दिली. भैरूला वाचता येत नाही, आणि डोळ्यावर चष्मा. मला आरोहीनं पासष्टीनंतर अक्षरं शिकवली आहेत, म्हणून तो कागद मी वाचून दाखवला. रुपेरी ड्रॅगन उंच डोंगरात राहतो. भैरू म्हणाला, व्हय. त्याला माणसांची संगत आवडते. व्हय. म्हणून तो म्हाताऱ्याचं रूप घेऊन माणसांत राहतो आणि कुणाला कळू देत नाही. व्हय. त्याला माणसांचं जेवण आवडतं. व्हय, व्हय. त्याच्याकडे खजिना असतो. यावर त्यानं नुसती मान हलवली. शेवटची ओळ अशी होती : तो दिलेला शब्द मोडत नाही आणि कधीही खोटं बोलत नाही.

भैरू खाटेवर सरळ बसला. म्हणाला, "परत वाच."

मी परत वाचली. ती ओळ मी गाळली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मला वाचन नवं होतं, गाळायची कला अजून आली नव्हती.

आता आमच्या माहेरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर भैरूनं काय केलं ते कळणार नाही. आमच्याकडे चैत्रात भैरवनाथाचा उत्सव असतो. त्यात पाच दिवस सोंगं निघत. ज्याच्या अंगावर देवाचं सोंग, त्यानं ते पाच दिवस पथ्य पाळायचं. पायात वहाण नाही, एक वेळ जेवण, तोंडातून खोटा शब्द नाही. मुखवटा काढून ठेवला म्हणून सोंग उतरत नाही. जाणत्या माणसानं नारळ फोडून ते उतरवायचं, तोवर ते अंगावरच असतं, झोपेतसुद्धा. राक्षसाच्या सोंगाला मात्र काही पथ्य नाही.

भैरू चौदा वर्षांचा असल्यापासून देवाचं सोंग मागत होता. जाणती माणसं हसायची आणि त्याला राक्षस करायची. पाच दिवस खरं बोलणं ह्याच्यानं व्हायचं नाही, असं सगळ्यांचं मत. चाळीस वर्षं तो राक्षस झाला आणि फार चांगला झाला. मग सोंगंच बंद पडली.

आणि आता, एकोणसत्तराव्या वर्षी, अहमदपूरच्या एका पोरानं पार्किंगमध्ये बसून त्याला देवाच्या बाजूचं सोंग दिलं. पोरांचा खेळ सहा वाजता संपला. त्यांनी टेबल मिटवलं आणि ती चहा प्यायला गेली. भैरूचा संपला नाही. त्यानं चपला खाटेखाली सारल्या.

सोमवारी जेवताना तो मला म्हणाला की अक्का, तुझी भाकरी आईसारखी कधीच झाली न्हाई. पन्नास वर्षं तो मला आईसारखीच झाली म्हणून सांगत आला होता. मी उरलेल्या भाकऱ्या काढून घेतल्या, तरी तो शब्द मागं घेईना.

मंगळवारी डोळा दाखवायला गेलो. तिथं त्यानं डॉक्टरांना सांगून टाकलं की मागच्या वेळी भिंतीवरची चित्रं मला दिसली नव्हती, माझ्या आधीचा माणूस मोठ्यानं सांगत होता ते पाठ केलं होतं. डॉक्टरांनी सगळी तपासणी पुन्हा केली. आमचा सबंध दिवस गेला.

बुधवारी एक जोडपं खोली पाहायला आलं. बाईनं सहज विचारलं, पाणी असतं ना? कैलास उत्तर द्यायच्या आत खाटेवरून भैरूनं सांगितलं की मंगळवारी नसतं, बाकीचे दिवस टँकर येतो, आणि उन्हाळ्यात टँकरही उशिरा. वर तिसऱ्या मजल्यावर गच्ची गळते, तेही सांगितलं. ती बाई त्याला नमस्कार करून गेली. कैलास त्या दिवशी मामाशी बोलला नाही.

गुरुवारी त्यानं रिह्याला फोन लावून बिबट्याचं खरं सांगितलं. ते एका फार्महाऊसवाल्याचं कुत्रं होतं. जी पोरं लांबच्या वाटेनं शाळा शिकली, त्यांची पोरं आता शाळेत आहेत. त्यांतल्या एका बापानं फोनवर भैरूला काय ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. भैरूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खरं हाय तुझं."

तोवर मला गंमत वाटत होती. शुक्रवारी हेमलताचा फोन आला. झोडणी उरकली, रविवारी चारच्या सुमाराला मामंजींना न्यायला येतो, म्हणाली. मग म्हणाली, "आत्या, मामंजी खरं बोलाया लागल्यात म्हनं. आल्यावर मला येक विचारायचं हाय त्यास्नी."

काय विचारायचं ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हंड्याचंच असणार, हे मला कळलं. हंडा नाही असं ह्यानं तोंडानं सांगितलं, तर मधला तुकडा गेला, पहिला चहा गेला. उद्या मनीषनं खाचर विकायला काढलं, तर अडवायला नागही उरला नाही. आणि भैरू माझ्याकडे कायमचा राहिला असता, तर कैलासची एक खोली भाड्यानं गेली नसती.

मी भैरूला खाटेवर गाठलं. साठ वर्षं तुला खोटं बोलू नको म्हणून सांगत आले, म्हटलं, आता एकदा बोल. तो म्हणाला की सोंग उतरल्यावर हवं तेवढं बोलतो. मी म्हटलं, आत्ताच नारळ फोडते. तो म्हणाला, "गोष्ट मधीच सोडून सोंग उतरत्यात व्हय? राक्षसाचं बी न्हाई उतरत."

मग मी जिना चढून ऋषिकेशकडे गेले आणि त्याला सगळं सांगितलं, हंड्यासकट. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. गोष्ट संपायला अजून दोन रविवार तरी लागतील, म्हणाला. मी म्हटलं, तुझा ड्रॅगन मार, पळव, डोंगरावरून ढकल, काय वाटेल ते कर, पण रविवारी चारच्या आत संपव. तो म्हणाला की आजी, त्याचं काय होणार ते फासे ठरवतात. मी त्याला थालीपीठ दिलं. तेव्हा तो म्हणाला, सकाळी दहालाच बसू.

मी दोन नारळ आणले. एक नासका निघाला तर असावा म्हणून.

रविवारी दहाला टेबल मांडलं. गौतमीची चोर आणि आरोहीची तलवारवाली बर्फाच्या डोंगरावर चढल्या आणि गुहेपाशी त्यांना एक म्हातारा भेटला. हा म्हातारा म्हणजे भैरूचा ड्रॅगन. ऋषिकेश घाई करत होता, पण भैरूनं त्या दोघींना जेवायला बसवलं. नाचणीची भाकरी, खेकड्याचा रस्सा, वर ठेचा. खेकडे कुठल्या ओढ्यातले, कसे धरले, कुणाचं बोट धरलं, सगळं सांगितलं. ऋषिकेश म्हणे की मग त्या दोघी निघाल्या. भैरू म्हणे, "अजून भात हाय." मी मांडीवर नारळ घेऊन बसले होते. घड्याळात साडेअकरा झाले तरी गोष्टीत भातावर कालवण पडत होतं.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. चारला येणारी माणसं साडेअकराला आली. मनीषला कुणाची तरी पिकअप मिळाली होती. हेमलता उतरली, चूळ भरली, पाणी प्यायली आणि पायरीवर बसून खेळ बघायला लागली. मनीष मागं उभा राहिला. ऋषिकेशनं माझ्याकडे पाहिलं, मी आरोहीकडे पाहिलं. गौतमीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. ती हेमलताला म्हणाली, वहिनी, बसा ना, निषादची जागा रिकामीच आहे.

आरोही म्हणाली, त्यांना नाही जमायचं. त्यावर हेमलता जी उठली ती थेट खुर्चीतच येऊन बसली.

काय करायचं असतं, तिनं विचारलं. गौतमीनं सांगितलं की समोर म्हातारा आहे, तो कोण हे आपल्याला ठाऊक नाही. ओळखायचं असेल तर फासा टाका. हेमलतानं फासा मुठीत घेतला, कपाळाला लावला आणि टाकला.

वीस पडले.

ऋषिकेशनं वाकून फाशाचा आकडा पुन्हा पाहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "वहिनींना कळलं. हा म्हातारा म्हणजे ड्रॅगन आहे."

हेमलतानं कागदावर काय लिहिलंय ते विचारलं. गौतमीनं भराभर वाचून दाखवलं, खजिन्याचं आणि खोटं न बोलण्याचंही. हेमलता खुर्ची पुढं ओढून भैरूच्या समोर बसली. आरोही मधेच म्हणाली की गोष्टीत खजिना असतोच, सगळ्या ड्रॅगनकडे असतो.

"तू गप ऱ्हा," हेमलता म्हणाली. "मी त्यास्नी इचारतीया. हंडा हाय का?"

मी भैरूकडे बघत होते. त्याला वाट मोकळी होती. ड्रॅगनकडे खजिना असतो, कागदावरच लिहिलंय. हाय म्हटला असता तरी ते खोटं झालं नसतं, पथ्य मोडलं नसतं, आणि हेमलता समजायची ते समजली असती. मला वाटलं, एवढी हुशारी ह्याला नक्की सुचेल. आयुष्यभर तेच तर केलं.

त्यालाही ते सुचलं होतं. मला त्याच्या ओठांवरून कळलं, तिथं बिबट्या येताना दिसला. मग त्यानं काळा चष्मा काढला, डॉक्टरांनी नको सांगितलं असताना.

"ड्रॅगनकडं हाय," तो म्हणाला. "भैरूकडं न्हाई."

हेमलतानं टेबलावरचा फासा ऋषिकेशकडे सारला. म्हणाली, "येवढं बोलाया तुमास्नी अकरा वर्सं लागली, मामंजी. मला दुसऱ्या वर्सालाच म्हाईत झालं."

आणि तिनं सांगितलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, भैरू पौडला गेलेला असताना, भर दुपारी कुदळ घेऊन ती उंबराशी गेली होती. दगड बाजूला सारला आणि कोपरभर खणलं. एक फुटकी पणती निघाली. ती अजून तिच्याकडे आहे, तिच्यात ती सुया ठेवते.

मनीषनं बायकोकडे पाहिलं आणि मला कधी बोलली न्हाईस, म्हणाला. तिनं विचारलं, तुमी कशापायी इचारताय? तेव्हा मनीषला सांगावं लागलं की त्यानंही खणलं होतं, बारावीला नापास झाला तेव्हा. पणती तेव्हा आख्खी होती. त्याच्याच कुदळीनं फुटली.

गौतमीनं तोंडावर हात धरला होता. भैरू मात्र शांत होता. म्हणाला, "दगडाचं त्वांड उगवतीला असतंय. हेमा, तू त्ये घराकडं करून ठिवलंस. मन्या, तू तर दगूड उलटाच घातला. दरखेपी मी जाऊन नीट करायचो." मग तो माझ्याकडे वळला. "अक्कानं तर जाताना शेंदूर बी नवा लावला."

हे मी वर सांगितलं नाही ते मुद्दामच. कैलासच्या घराचा पाया भरत होते त्या वर्षीचं आहे. नुसतं खुरप्यानं खणलं होतं, त्याला खणणं म्हणायचं का हाही प्रश्नच आहे. शेंदूर लावला कारण नागाची भीती वाटली. आरोही माझ्याकडे बघत राहिली, तिच्या साखरपुड्यात मी सगळ्यांना खरेपणाच्या मोठमोठ्या गोष्टी ऐकवल्या होत्या.

थोडा वेळ सगळेच हसले. भैरू हसला नाही. त्याच्या त्या डोळ्यातून पाणी येत होतं, ते ऑपरेशनचं असेल. त्यानं हळूच विचारलं, "मग आता मी कुटं जायाचं?"

"कुटं म्हंजी?" हेमलता म्हणाली. "गाडी काय ह्यास्नी येकट्याला फिरवाया आनलीया? उठा. घरी मासं आनून ठिवल्यात, मांजर टपून बसलंय."

ती उठून त्याची पिशवी भरायलाही लागली. लुंगी, डोळ्याचे थेंब, बिडीचं बंडल. चपला खाटेखालून काढून त्याच्यापुढं टाकल्या. सेवा हंड्याची नव्हती, एवढं मला कळलं. मग कशाची होती, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मी तिला विचारलं असतं तर मलाच ऐकून घ्यावं लागलं असतं.

मी नारळ पुढं केला. म्हटलं, झालं एकदाचं, उतरव आता सोंग. भैरूनं माझा हात धरला आणि ऋषिकेशला विचारलं की गावानं ओळखलं तर ड्रॅगनचं पुढं काय होतं. ऋषिकेशनं विचार केला. म्हणाला, हाकललं तर तो उडून जातो. ओळखूनही ठेवून घेतलं, तर तो तिथंच राहतो.

"मग गोष्ट कुटं संपली?" भैरू म्हणाला. "नारळ ठेव, अक्का." आणि तो अनवाणीच गाडीत जाऊन बसला. चपला हेमलतानं हातात घेतल्या.

त्या हिवाळ्यात भैरू रिह्यात खरं बोलत राहिला. आधी त्याच्याकडे बसायला येणारी माणसं कमी झाली, मग दुप्पट झाली. कारण त्याला सगळ्यांचं ठाऊक होतं आणि विचारलं की तो सांगत असे. पोरं एखाद्या रविवारी टेबल घेऊन तिकडेच जात. हेमलतानं खेळात आपलं माणूस घेतलं होतं, लोहारीण, आणि ती कुणाचंच ऐकत नसे. मनीष खाचर विकायचं कधी बोलला नाही. त्याच्या मनात ते कधी होतं की नाही, हेही मला ठाऊक नाही.

शिमग्याला मी तिकडे गेले होते, ऋषिकेशनं गाडीवरून सोडलं. पुरणपोळी खाऊन आम्ही तिघं उंबराखाली बसलो. भैरू त्या दगडाकडे बघत मला म्हणाला की हा दगड त्यानं ठेवलेला नाही. बानंही ठेवलेला नाही. बाच्या बापाच्याही आधीपासून तो तिथंच आहे, तोंड उगवतीला करून.

मी म्हटलं, मग काय झालं? हंडा नाही, तूच म्हणालास, आणि सोंगात म्हणालास.

"मी म्हनलो, भैरूकडं न्हाई," तो म्हणाला. "तितं न्हाई असं कुटं म्हनलो? तुमी समद्यांनी कोपरभर खणलंत. मी तर कंदी खणलंच न्हाई."

आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला. ऋषिकेशनं त्याला पाणी दिलं. पण ऋषिकेशची नजर दगडावर होती.

भैरूच्या दहाव्याला सगळं उरकल्यावर मी नारळ घेऊन उंबराशी गेले, सोंग उतरवायला. हेमलता, मनीष, पोरं सगळी मागून आली. बघते तर दगडाचं तोंड मावळतीला. मी हेमलताकडे पाहिलं, तिनं मनीषकडे, मनीषनं माझ्याकडे. ऋषिकेश बाजूला उभा राहून बुटातली माती झाडत होता. मी कुणाला काही विचारलं नाही. दगड फिरवून उगवतीला केला आणि त्यावर नारळ फोडला. चांगला निघाला.

माझा भाऊ भैरू बावीस एप्रिल दोन हजार चोवीसला, सोमवारी, हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी, सकाळचा पहिला चहा घेऊन झाल्यावर, रिह्यात आपल्या घरी वारला.